दाजींनी वाढवलेला स्पीड

"हा पंखा आहे की भातुकलीतलं खेळणं?"

दाजींनी आमच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा पंखा काढला आणि दोन बोटांत धरून आम्हाला दाखवला, मेलेलं झुरळ मिशीला धरून दाखवावं तसा. अण्णा लगेच हसले. जावई काहीही बोलले की हसायचं, हे त्यांनी आक्काच्या लग्नापासूनच ठरवून टाकलेलं होतं. हातात बॅटरी धरून ते जावयांच्या खांद्यामागे उभे होते. प्रकाश कुठं पाडायचा ते दाजी हनुवटीनं सांगत होते आणि अण्णा तिथं पाडत होते. आई दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी.

बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या जुन्या डार्करूममध्ये हा कॉम्प्युटर. पूर्वी तिथं अण्णा निगेटिव्ह धुवायचे, आता मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचो. दोन हजार सात साल. त्या वर्षी मे महिन्यात अधिक मास आला होता. लग्नांचे मुहूर्त बंद झाले आणि जावयांचे सुरू झाले. माझी बहीण हेमाक्का, तिचा नवरा शैलेंद्र, म्हणजे आमचे दाजी, आणि त्यांची तीन वर्षांची गार्गी असे पुण्याहून धोंड्याच्या जेवणाला आले होते.

दाजी पुण्यात प्रिंटरची शाई आणि टोनर विकणाऱ्या कंपनीत होते. आई बार्शीभर सांगायची, जावई कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. दाजींनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. उलट चार वर्षांत ते स्वतःच त्यात राहायला गेले होते. मला त्यांचा पहिल्यापासून तिटकारा. जेवताना पहिला घास घेऊन ते थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि मग मीठ कमी की जास्त ते जाहीर करायचे. त्यांच्या निकालाची वाट बघत आई पोळी हातात धरून उभी असायची. मी आणि माझा मित्र मागच्या बोळात त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

"एक लग्न तयार व्हायला किती वेळ लागतो म्हणालास?" दाजींनी मला विचारलं.

"रेंडरला लावलं की दिवस जातो."

"दिवस." त्यांनी अण्णांकडं बघितलं. "अण्णा, पुण्यात आम्ही असला कॉम्प्युटर वॉचमनच्या पोराला देतो. पण काळजी करू नका, ओव्हरक्लॉक करून देतो."

"म्हणजे काय, शैलेंद्रराव?"

"कंपनी प्रोसेसरचा स्पीड मुद्दाम कमी ठेवते. बायोसमध्ये जायचं, आकडे बदलायचे, तोच प्रोसेसर दीडपट पळतो. फुकट. फक्त तो स्टेबल करता आला पाहिजे. तिथं डोकं लागतं."

डोकं लागतं म्हणताना त्यांनी स्वतःच्या डोक्याला बोट लावून दाखवलं, आम्हाला ते कुठं असतं ते माहीत नसावं म्हणून.

मला पंख्याची काळजी नव्हती. काळजी होती ती हार्डडिस्कची. आमच्याकडं कॅमेऱ्याच्या टेपा मोजक्याच होत्या. एका लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं की त्याच टेपांवर पुढचं लग्न घ्यायचं, ही अण्णांची काटकसर. त्या हार्डडिस्कवर सुरवसे वकिलांच्या केतकीचं लग्न होतं आणि त्याच्या टेपा केव्हाच दुसऱ्या लग्नात वापरून झाल्या होत्या. वकिलांचे वडील, आबा, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना खुर्चीसकट उचलून मांडवात आणलं होतं आणि त्यांनी डाव्या हातानं नातीवर अक्षता टाकल्या होत्या. ते शूटिंग मी स्वतः केलं होतं. लग्नानंतर पंधरवड्यात आबा गेले. केतकी मस्कतला निघायची होती आणि त्याआधी तिला डीव्हीडी हवी होती.

"दाजी, यानं हार्डडिस्कला काही होणार नाही ना? वकिलांचं लग्न त्याच्यावरच आहे फक्त."

"प्रोसेसर कुठं, हार्डडिस्क कुठं. तुझं डोकं दुखायला लागलं की तू चपला काढून बघतोस का?"

अण्णा पुन्हा हसले.

पंखा परत बसवून दाजींनी मशीन चालू केलं आणि डिलीटचं बटण टकटक दाबलं. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आकड्यांची यादी आली. त्यांनी एक आकडा वाढवला, बाहेर पडले, मशीन सुरू झालं. "बघा." परत आत गेले, आणखी वाढवला. पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या वेळी पडदा काळाच राहिला. दाजी अजिबात डगमगले नाहीत. बदललेले आकडे पुसायला त्यांनी मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढून परत बसवली आणि म्हणाले, "याला व्होल्टेज कमी पडतंय. भुकेला आहे." मग व्होल्टेज वाढवलं. मशीन सुरू झालं. एक आकडेमोड करणारा प्रोग्रॅम त्यांनी चालवला. चहा संपेपर्यंत तो चालला आणि त्यांनी कप खाली ठेवत निकाल दिला, "स्टेबल."

घरातला एकमेव टेबलफॅन आता उघड्या कॉम्प्युटरकडं तोंड करून ठेवण्यात आला. बाहेर बार्शीचा उन्हाळा असा की दुकानाचं शटर हाताला लागत नव्हतं. अण्णा वर्तमानपत्रानं वारा घेत बसले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, आमच्या शैलेंद्ररावांनी कॉम्प्युटर पुण्यासारखा करून दिला.

संध्याकाळी मी वकिलांचं लग्न रेंडरला लावलं. व्हिडिओतली वरात निघायच्या आतच पडदा निळा झाला आणि मशीन बसलं. पुन्हा लावलं, पुन्हा बसलं. दाजी बनियनवर आले, खुर्चीवरून मला उठवलं आणि परत त्या यादीत शिरले. आक्का गार्गीला कडेवर घेऊन दारात उभी होती. आक्का कॉम्प्युटरकडं कधी फिरकायची नाही. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ नवऱ्याचे हात बघत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे होतं तसं परत करता येतं का?"

"येतं की. एक बटण दाबलं की पहिल्यासारखं."

"मग दाबा."

"हेमा, हे तुझ्या कुकरसारखं नाहीये."

"दिगूचं काम अडलंय म्हणून म्हणते. एक बटण तर आहे."

"मागं यायचं असतं तर हात कशाला लावला असता? उद्या सकाळपर्यंत स्टेबल करून देतो."

आक्कानं आणखी काही विचारलं नाही. पण ती गेलीही नाही. मला वाटलं, नवरा चार माणसांसमोर तोंडघशी पडतोय म्हणून तिला वाईट वाटत असेल. मला मात्र मजा वाटत होती.

दुसरा दिवस असाच गेला. दाजी आकडा थोडा कमी करत, व्होल्टेज थोडं वाढवत. मशीन बसलं की दोष सापडायचा. आधी बार्शीची वीज खराब होती. मग आमच्या यूपीएसमध्ये दम नव्हता. मग रॅम लोकल निघाली. मग खोलीत हवा नव्हती आणि त्याला अण्णांनी खिडकी बुजवून केलेली डार्करूम जबाबदार होती. अण्णांनी याचीही माफी मागितली. मी मनातल्या मनात यादी करत होतो, आता फक्त आमच्या आईचं माहेर उरलं.

दुपारी लोडशेडिंगमध्ये दाजींनी नवे कपडे घालून आहेर घेतला, चांदीचं निरांजन नखानं खरवडून बघितलं आणि अनारसे खाल्ले. वीज आल्यावर मशीन लावलं आणि आश्चर्य म्हणजे ते चाललं. लग्नाचा पहिला भाग खरोखरच झरझर तयार झाला. दाजींनी मला हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं.

"बघ. बोल आता."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"चांगलं नाही. स्टेबल म्हण."

"स्टेबल," मी म्हणालो. ते म्हणताना माझ्या तोंडाला जी चव आली ती अजून आठवते. मग ते अण्णांना घेऊन भगवंताच्या देवळात गेले, येताना ओळखीच्या प्रत्येक दुकानात थांबत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरूच होईना. शेवटी हार्डडिस्क काढून शेजारच्या सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरला लावली. तिथं ती दिसली, पण रिकामी. उघडायला गेलं की फॉरमॅट करू का, असं विचारत होती. केतकीचं लग्न, बाकीची दोन लग्नं, सगळं गेलं होतं. मी हार्डडिस्क रुमालात गुंडाळून घरी आलो.

दाजी चहाला बसले होते. त्यांनी हार्डडिस्क उलटीपालटी केली, तिच्यावरचं लेबल वाचलं आणि माझ्याकडं परत दिली.

"ही जाणारच होती. मरायला टेकलेली. बरं झालं आत्ताच कळलं."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ते म्हणाले, "असेल, असेल. जुनीच होती तशी."

"जुनी नव्हती अण्णा," मी म्हणालो. "दिवाळीत घेतलीय."

"दिगू," अण्णा हळूच म्हणाले, "जावयांशी असं बोलायचं नाही."

त्याच दिवशी सुरवसे वकील दुकानात आले. वडिलांच्या दुखवट्यामुळं दाढी वाढलेली. ते काउंटरशी बसले, मी पाणी दिलं. ते म्हणाले, डीव्हीडी सगळी तयार नसली तरी चालेल, आबांचा तेवढा भाग तरी केतकीला द्या, परवा तिचं विमान आहे. आतल्या पडद्याआड दाजी उभे होते. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते.

अण्णांनी हात जोडले. "वकीलसाहेब, मोठी चूक झाली. आमच्या दिगूच्या हातून सगळं पुसलं गेलं. पोरगं आहे, घाईत काहीतरी दाबलं त्यानं."

मी अण्णांकडं बघतच राहिलो. मी तेवीस वर्षांचा होतो, गावात कॅमेरा घेऊन फिरत होतो, आणि माझ्या बापानं जावयाच्या अब्रूसाठी मला गिऱ्हाइकासमोर असा टाकून दिला. वकील माझ्याकडं वळले. पडद्याखालचे पाय जागचे हलले नाहीत.

पडदा बाजूला झाला तो आक्कामुळं. हात पिठाचे, तशीच बाहेर आली.

"दिगूनं नाही पुसलं, साहेब. माझ्या नवऱ्यानं घालवलंय. दिगूनं त्यांना आधी विचारलं होतं, मी पण नको म्हणाले होते. ते इथंच आत उभे आहेत. त्यांना विचारा."

"हेमा," अण्णा म्हणाले.

"तुम्ही थांबा, अण्णा."

दाजी बाहेर आले. शर्टाची बाही सारखी करत म्हणाले, "हे बघा वकीलसाहेब, टेक्निकल गोष्ट आहे. हिला त्यातलं कळत नाही. हार्डडिस्क फेल होणं कुणाच्या हातात नसतं."

वकिलांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. उठताना आक्काला म्हणाले, "फोटो आहेत आबांचे. पण हलताना, हात उचलताना ते आता कुठं दिसायचे नाहीत." मग पायऱ्या उतरून गेले.

दाजी आत जाऊन बॅग भरायला लागले. कपडे कोंबत असताना त्यांचं चालूच होतं. परक्या माणसासमोर नवऱ्याचा पाणउतारा, हे संस्कार, ही माणसं. आई रडायला लागली. अण्णा दोनदा त्यांच्या पायाशी वाकल्यासारखे झाले. दुपारच्या एसटीची वेळ झाली तसे दाजी दारात उभे राहून म्हणाले, "चल. गार्गीला घे."

आक्का पोळपाटाशी बसली होती. तिनं वर बघितलं.

"गिझर काढा. मग येते."

आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. दाजींना कळलं. त्यांच्या कानशिलाची शीर तट्ट फुगली.

"इथं गिझरचा काय संबंध?"

"तो भिंतीवरून काढा, मला फोन करा. त्या दिवशी निघते मी."

"मी लावलेला आहे तो. नीट लावलेला आहे."

"हो," आक्का म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

दाजी एकटे गेले. अण्णा स्टँडपर्यंत त्यांची बॅग घेऊन गेले आणि उन्हातून परत येऊन भिंतीला टेकून बसले. आक्कानं सगळ्यांना जेवायला वाढलं. नंतर गार्गी झोपल्यावर ती मागच्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"गॅसचा गिझर आहे," ती म्हणाली. "बाथरूमला खिडकी नाही आमच्या. दुकानदार म्हणाला होता बाहेर लावा, आत लावायचा नसतो, विषारी वायू कोंडतो. त्यानं स्वतःच आत लावला. म्हणाला, दुकानदारांना काय कळतं."

"मग?"

"मग मी आत पडले. थंडीत. दार वाजवलं तरी मला ऐकू येत नव्हतं म्हणे. शेजारच्या काकूंनी कडी तोडायला लावली. डॉक्टरनं विचारलं गॅस गिझर आहे का, तर हा म्हणाला, तिला रक्त कमी आहे, सारखी चक्कर येते. मला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. रोज समोर उभा राहून द्यायचा."

ती दाजींना 'तो' म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी ते ऐकलं आणि मला आधी तेच खटकलं, बाकीचं सगळं नंतर समजलं.

"अजून तिथंच आहे गिझर?"

"तिथंच. मी गार्गीला दार उघडं ठेवून अंघोळ घालते. तो घरी असला की येऊन दार लावतो. म्हणतो, गार वारा लागेल तिला."

"आक्का, तू सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? अण्णांना? आज बघितलंस ना."

ती ओट्याच्या कडेचा चुना नखानं खरवडायला लागली.

"परवा मला वाटलं, हे गिझरसारखं नाही, साधं यंत्र आहे, एका बटणाचं काम आहे, वर माहेरची माणसं समोर आहेत. इथं तरी मागं येईल. म्हणून उभी राहिले होते. येतो का ते बघायला." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तू आणि तुझा मित्र त्याची नक्कल करता, मला ठाऊक आहे. हसता. दिगू, तो हसण्यासारखा माणूस नाही रे."

मी नक्कल त्यानंतर केली नाही. करावीशीच वाटली नाही.

हार्डडिस्क मी सोलापूरला एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं सांगितलं, तुमच्या बोर्डवर तो आकडा वाढवला की हार्डडिस्ककडं जाणाऱ्या रस्त्याचाही वेग वाढतो, मग ती भलतीकडं भलतंच लिहीत बसते. तसं होऊ नये म्हणून चांगल्या बोर्डवर वेगळं कुलूप असतं, तुमच्या नाही. त्यानं जे वाचवलं त्यात पंगतीचे, बँडवाल्यांचे तुकडे होते. आबा नव्हते. केतकी फोटोंचा अल्बम घेऊन मस्कतला गेली.

अण्णांनी पुण्याला फोन करकरून आर्जवं केली. एकदा स्पीकरवर माझ्यासमोरच. "शैलेंद्रराव, अर्ध्या तासाचं काम आहे, मी प्लंबर पाठवतो, मी स्वतः येतो." पलीकडून एकच उत्तर. नीट बसवलेला आहे, काढायचा प्रश्नच नाही, तिला यायचं तर यावं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग दाजींकडून वकिलाची नोटीस आली, बायको विनाकारण नांदत नाही म्हणून. आक्कानं ती वाचली आणि सुरवसे वकिलांकडं गेली. त्यांनी तिची केस शेवटपर्यंत लढवली.

घटस्फोट झाल्यावर तिचं सामान आणायला मीच पुण्याला गेलो. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. दाजींनी दार उघडलं. अंगावर पंचा, अंघोळ नुकतीच झालेली. मला ते बस म्हणाले नाहीत, मीही बसलो नाही. आक्काच्या साड्या त्यांनी आधीच दोन बॅगांत भरून ठेवल्या होत्या, कोंबून.

"भांडी किचनमध्ये आहेत. बघून घे. नंतर तक्रार नको."

किचनकडं जाताना बाथरूमचं दार उघडं होतं. मी आत बघितलं. गिझर भिंतीवर होता, पांढरा, स्वच्छ, जणू आत्ताच लावलेला. त्याच्या पाइपला सिलिंडर जोडलेलाच नव्हता. खाली फरशीवर प्लास्टिकची बादली होती आणि बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड. पाण्यातून अजून वाफ निघत होती. रॉडवर क्षाराचा पांढरा, जाड थर चढलेला होता. बोटाएवढा. तो काही आठ-पंधरा दिवसांत चढत नाही.

दाजी माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. मी वळलो तेव्हा आमची नजरानजर झाली. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी बोलेल.

"गिझर एकदम ओके आहे," ते म्हणाले. "आज गॅस संपलाय."

मी भांडी घेतली, बॅगा उचलल्या आणि जिना उतरलो.